ऑफिस सहायक पदासाठी तीव्र आंदोलन

कापसाचं संकट आलं, तसा आमच्या जिल्ह्यात मानवी हक्कांचा अभ्यासक्रम आला. या दोन गोष्टींचा संबंध मी लावत नाही, संस्थाचालकांनीच लावला होता. उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले, की आज सगळ्या देशाचं लक्ष यवतमाळकडे आहे, बाहेरून अभ्यासगट येतात, पत्रकार येतात, परदेशी पाहुणे येतात, तेव्हा या विषयाला आपल्याकडे फार वाव आहे. बोंडअळीलाही त्या वर्षी आमच्याकडे फार वाव होता, पण ते भाषणात आलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आम्ही सहा जणांनी प्रवेश घेतला. मी मारेगावकडची. बाबांचं तिथे मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार बाबांकडे यायची आणि दोन दिवसांनी पाणी ओढायला परत जायची. वस्तीतल्या जयंतीची पत्रकं लिहायचं काम अकरावीपासून माझ्याकडे होतं. पत्रकांवरून मी निषेधांवर गेले, निषेधांवरून निवेदनांवर. एम.ए. मानवी हक्क करते म्हटल्यावर बाबा तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "हक्क तं जन्मतःच असते म्हनतेस ना तू? मंग त्याची डिग्री कायले घ्या लागते?"

"जन्मतः असतात, पण मिळत नाहीत."

"डिग्री घेतल्यावर मिळते का?"

मी म्हटलं, मिळवायचे कसे ते कळतं. बाबांनी तार दातांनी तोडली. "शीक बाई. शिकायले आपल्या घरात कोनी कोनाले नाई म्हनलं नाई. पन हाताले एखादं काम बी असू दे."

हे वाक्य पुढे कॉलेजनेही मला ऐकवलं. फक्त बाबांनी ते चहासोबत ऐकवलं होतं.

निवेदन म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यवतमाळला कुणावर अन्याय झाला की तो कागदावर उतरवतात आणि साहेबांना नेऊन देतात. साहेब कागद घेताना सगळे कॅमेऱ्याकडे पाहतात, साहेबसुद्धा. निवेदनाच्या वर काहीही असलं, नळाला पाणी नसो की पंचनामा राहिलेला असो, तरी शेवट एकच असतो: "तरी सदर मागणीचा तात्काळ विचार करण्यात यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील." त्याखाली प्रती. एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक पोलीस ठाण्याला, एक सर्व पत्रकार बांधवांना. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही. त्याला पोच म्हणतात. अन्यायाची दाद लागो न लागो, पोच लागतेच. माझ्याकडे पोचांची फाईल होती आणि ती माझ्या गुणपत्रिकांच्या फाईलपेक्षा जाड होती.

हा शेवट सरांना मुळीच आवडत नसे.

सर म्हणजे आमचा अख्खा विभाग. रोज सकाळी कळंबहून एसटीने यायचे, डब्याची पिशवी टेबलाच्या पायाला टेकवायचे आणि शिकवायला लागायचे. चांगलं शिकवायचे, याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. आम्ही लिहिलेली निवेदनं ते तपासून द्यायचे आणि शेवटच्या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ मारायचे. "बाई, मुद्दा वर संपला. खाली जे उरलं ते नुसतं डोळे वटारणं आहे," असं म्हणायचे. मी घरी जाऊन ती ओळ पुन्हा लिहायचे. आमचा हा व्यवहार बिनबोभाट चालू होता.

कामगारांचे हक्क शिकवताना सरांनी एकदा सांगितलं, की कामावर घेताना माणसाला नेमणुकीचा कागद मिळालाच पाहिजे. तोंडी कामावर ठेवणं म्हणजे त्याला केव्हाही काढता येईल असं ठेवणं. मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, "सर, तुमचा कागद कसा असते?"

सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे शिकवला तेवढा तास तुमचा, पुढचा तास संस्थेच्या मर्जीचा. कागद मात्र कधीच मिळाला नव्हता. दर जूनमध्ये प्राचार्य कॉरिडॉरमध्ये भेटले की "या उद्यापासून" म्हणायचे, तीच नेमणूक.

सरांनी फळा पुसला. "तो भाग या पेपरला नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्राचार्यांनी आम्हा सहा जणांना आणि सरांना बोलावलं. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली सगळ्या देवांचे फोटो. ते म्हणाले, "हे बघा, अभ्यासक्रम उत्तम आहे, पण मागच्या बॅचमधून एकालाही नोकरी नाही. संस्था विचारते, मी काय सांगू? या वर्षी एक तरी प्लेसमेंट दाखवा. नाही तर जूनपासून हा विषय बंद." मग सरांकडे पाहून म्हणाले, "विषय बंद म्हणजे समजून घ्या."

सर म्हणाले, "समजलो." त्यांनी सगळ्यांच्या आधी मान हलवली, याचा मला राग आला. ज्याने आम्हाला मान ताठ ठेवायला शिकवलं, त्याची मान इतकी सैल असावी, हे माझ्या पत्रकांत कुठे बसत नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, आपण निवेदन देऊ. तुमच्या कागदासाठी. आत्ताच."

"अजिबात नाही. आहे ते जाईल."

"आहे काय तुमच्याजवळ?"

सर म्हणाले, "सकाळचे तास आहेत." मग एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

तर उपाय म्हणून कॉलेजने मानवी हक्कांना करिअर प्रशिक्षण जोडलं. सकाळी डिग्री, दुपारी कौशल्य. खोली तीच, फळाही तोच. सर वर "सन्मानाने जगण्याचा हक्क" लिहून जात, आणि दुपारी नागपूरहून येणाऱ्या ट्रेनर मॅडम त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत "स्माईल" लिहीत. फळा पुसायचा कुणी, यावर दोघांचं कधी बोलणं झालं नाही. महिनाभर आम्ही दोन्ही एकत्र वाचत होतो.

ट्रेनर मॅडम वाईट नव्हत्या. त्या मनापासून शिकवत, आणि हीच अडचण होती. खुर्चीच्या पुढच्या भागावर बसायचं, पाठ टेकवायची नाही, हात मांडीवर, चेहऱ्यावर हसू. नमुना मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, "तुमचा विकनेस सांगा."

"अन्याय सहन होत नाही."

"हा नाही सांगायचा."

"मग कोणता सांगू?"

"सांगायचं की मी फार मेहनत करते, कामापुढे मला वेळेचं भान राहत नाही."

"हा विकनेस आहे?"

"त्यांना आवडणारा विकनेस सांगायचा असतो, बेटा." पुढचा प्रश्न आला, "पगाराची अपेक्षा?"

मी म्हटलं, "किमान वेतन कायद्यानुसार."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मुलाखतीत कायद्याचं नाव नाही काढायचं. लोक घाबरतात." हे त्या इतक्या काळजीने म्हणाल्या, की मला वाद घालता आला नाही. सकाळी ज्याच्यावर पेपर लिहायचा, ते दुपारी तोंडातून निघू द्यायचं नाही, असा तो जोड-अभ्यासक्रम होता. जोड म्हणून तो घट्टच होता. दोन्ही बाजूंनी ओढलं तरी सुटत नव्हता.

दिवाळीनंतर मॅडमनी प्रत्येकाला एकेक ठिकाण वाटून दिलं. कुणाला मोबाईलचं दुकान, कुणाला दवाखान्याचा काऊंटर, कुणाला बियाण्याची एजन्सी. माझ्या वाट्याला सगळ्यांत शेवटी, पंधरा दिवसांनी, गावाबाहेरची एक जिनिंग-प्रेसिंग मिल आली. तिथे ऑफिस सहायकाची जागा होती. कापूस तोलून आला की चिठ्ठ्या लावायच्या, फोन घ्यायचे, आलेल्याला बसा म्हणायचं. अर्ज मराठीत, छापील आणि आजच्या आज पाहिजे होता.

त्याच दिवशी माझं दुसरंही काम होतं. मुलींच्या वसतिगृहात पाण्याची टाकी फुटली होती आणि त्याचं निवेदन द्यायचं होतं. दोन्ही कागद घेऊन मी कचेरीसमोरच्या डीटीपीवाल्या भाऊंकडे गेले. माझी सगळी निवेदनं त्यांच्याच कॉम्प्युटरवर जन्मलेली. माझ्या नावाचं एक फोल्डरच होतं तिथे. भाऊंची पद्धत अशी, की नवं निवेदन नव्याने टाईप करायचंच नाही. मागचं उघडायचं, वरचं बदलायचं, खालचं तसंच ठेवायचं. खालचं कधी बदलतच नसे, तर करायचं कशाला. मी हाताने लिहिलेला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि चहा सांगायला बाहेर आले. परत आले तेव्हा भाऊंनी दोन्ही कामं सवयीप्रमाणे चार-चार प्रतींत काढून एकत्र टाचण्या लावून ठेवली होती.

मी वाचलं नाही. स्वतःचा मजकूर छापून झाल्यावर मी कधीच वाचत नसे. तो दुसऱ्यांनी वाचायचा असतो, असा माझा ठाम समज होता. सवयीच्या वाटेने मी निघाले. आधी कचेरीची आवक शाखा, मग पोलीस ठाणं. प्रत्येक खिडकीवर वरून दोन कागद काढून दिले, दोन शिक्के घेतले. शेवटी ऑटो करून मिलवर गेले. तिथल्या कारकुनाला अर्ज दिला आणि म्हटलं, "पोच द्या."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. "नोकरीच्या अर्जाची पोच?"

"कागद दिला की पोच द्यावी लागते."

त्याने अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी शिक्का मारला आणि मला बसायला खुर्ची दिली. मला वाटलं, ट्रेनर मॅडमचं हसू कामी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा तास चालू असताना फोन आला. गोपनीय शाखेचे हवालदार होते. गोपनीय शाखेच्या माणसाला आमच्याकडे पानठेल्यापासून खासदारापर्यंत सगळे ओळखतात. आंदोलन कुठे आहे हे त्यांना आंदोलनवालेच सांगतात, म्हणजे कुणाची गैरसोय होत नाही.

"ताई, जयभीम. मिलवर आंदोलन हाय म्हनते तुमचं?"

"जयभीम. कोणतं आंदोलन?"

"आता मलेच विचारून राह्यल्या का? सही तुमची, शिक्का आमचा. हे पाहा नं," आणि त्यांनी वाचून दाखवलं. "विषय, ऑफिस सहायक पदावर नेमनूक मिळनेबाबत. मी एम.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून मले कॉम्प्युटरचे ज्ञान हाय. तरी सदर मागनीचा तात्काळ विचार करन्यात यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडन्यात येईल."

मी वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहिले.

"किती लोकं हायेत?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही हो. तो नोकरीचा अर्ज आहे."

"मंग आंदोलन?"

"नाही."

"ताई, असं नका करू. मिलवाल्याचा सकाळपासून तीन वेळा फोन आला. सीजन हाय, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर लागल्या हायेत, त्याले वाटते तुम्ही फाटक अडवता. साहेबाले रिपोर्ट पाठवा लागते मले. संख्या सांगा."

"एक लिहा."

 "एकाचा बंदोबस्त कसा लिहू?" ते म्हणाले. "बरं, मिलवाले चर्चेले तयार हायेत. दुपारी या. मी बी येतो."

मी वर्गात येऊन सगळं सांगितलं. पाच जण बाकावर डोकी ठेवून हसत होते. सर हसले नाहीत. त्यांनी माझी पोचेची प्रत मागितली, खिशातून लाल पेन काढलं, मग शिक्क्याकडे पाहून परत ठेवलं. "म्हणून म्हणत होतो," ते म्हणाले. "आता जाऊन नीट सांगून ये, चूक झाली म्हणून. आणि बाई, जमलं तर नोकरी घेऊन ये." हे शेवटचं ते खिडकीकडे पाहत म्हणाले. बाकीच्या पाच ठिकाणांहून तोवर नकार आलेले होते. मोबाईलच्या दुकानात मालकाचा भाचा लागला, दवाखान्यात मालकाची भाची. प्लेसमेंट दाखवायला आता एक मीच उरले होते, आणि मी मिलला धमकी देऊन बसले होते.

मिलच्या ऑफिसात गेले तर टेबलावर चहा, बिस्किटं, काजू. हवालदार साध्या वेशात आधीच येऊन बसलेले. मॅनेजर उठून नमस्कार करत म्हणाले, "आइये मॅडम. शिष्टमंडळ?"

"मी एकटीच."

"छान. आम्ही पण निवडक लोकांनाच आत बोलावतो."

मी खुर्चीच्या पुढच्या भागावर बसले. पाठ टेकवली नाही, हात मांडीवर ठेवले आणि हसले. मॅनेजरांनी हवालदारांकडे पाहिलं. माझं ते हसू त्यांना धोक्याचं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच काजूची बशी माझ्याकडे सरकवली.

"साहेब, तो नोकरीचा अर्ज आहे," मी म्हटलं. "जुन्या निवेदनातली शेवटची ओळ टाईप करणाऱ्याकडून तशीच राहिली."

"हां हां, राहते कधी कधी," मॅनेजर म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. आंदोलन करायचं नाही असं म्हणणाऱ्यांचं आंदोलन त्यांनी याआधी पाहिलेलं असावं. "लेकिन हम सामोपचार में विश्वास रखते है. तुमचं म्हणणं सांगा."

मग मी मुलाखत दिली. प्रशिक्षणात शिकवलं तसं सगळं म्हटलं. मी मेहनती आहे. कामापुढे मला वेळेचं भान राहत नाही. मी दबावाखाली काम करू शकते आणि टीमसोबत चालते.

"टीम किती मोठी आहे?" मॅनेजरांनी विचारलं.

हवालदारांनी खिशातून डायरी काढली.

खोलीच्या काचेतून मिलचा हॉल दिसत होता. बाया तोंडाला पदर बांधून सरकी काढायच्या यंत्रांत कापूस लोटत होत्या. पदरावर, भुवयांवर, पापण्यांवर सगळीकडे पांढरी रुई. एकीला खोकला आला की ती मान फिरवून खोकायची आणि परत लोटायला लागायची. सकाळचा तास माझ्या ओठावर आला. किमान वेतन विचारावं, मास्क विचारावेत, बायांना बसायला जागा आहे का ते विचारावं. चर्चेला बोलावलेलंच होतं, काजूही समोर होते, मागण्या वाढवल्या असत्या तर मॅनेजरांनी लिहून घेतल्या असत्या. आणि मग प्लेसमेंट गेली असती, विषय गेला असता, सर गेले असते. मी एवढंच विचारलं, "त्यांना मास्क देत नाही का?"

"देतो ना. घालत नाहीत."

"कुठे आहेत?"

मॅनेजरांनी दाराशी उभ्या कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "स्टोअरमध्ये आहेत. इन्स्पेक्शनच्या दिवशी काढतो."

हवालदार चहा प्यायला लागले. मीही प्यायले. माझ्या सगळ्या पत्रकांत मी "जाहीर निषेध" लिहिला आहे. त्या दिवशीचा निषेध बिस्किटासोबत गिळला गेला.

अर्ध्या तासाने मला मिलच्या लेटरहेडवर पत्र मिळालं. "आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल. तरी आपण आंदोलन स्थगित करून सहकार्य करावे." शिक्का, सही. आमच्याकडे याला लेखी आश्वासन म्हणतात आणि त्यावर उपोषणं सुटतात. माझं काहीच सुरू नव्हतं, तरी हवालदारांनी माझ्याकडून लिहून घेतलं, की लेखी आश्वासन मिळाल्याने मी माझं आंदोलन स्थगित करीत आहे. "फाईल बंद करा लागते, ताई," ते म्हणाले. आणि मग बाहेर येताना हळूच, "नोकरी मातर देत नाई हे. मी सांगून ठेवतो."

हवालदार जे सांगतात ते खरं असतं, फक्त ते रिपोर्टात नसतं.

पत्र घेऊन मी कॉलेजात आले. ट्रेनर मॅडमनी ते वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेटरहेडवर आहे," त्या म्हणाल्या. प्राचार्यांनी वाचलं आणि विचारलं, "विचार करण्यात येईल म्हणजे घेतल्यातच जमा ना?"

"सर, याचा अर्थ घेणार नाहीत असा होतो."

"तुम्ही नकारात्मक विचार करता. मानवी हक्कवाल्यांचं हेच आहे."

आठवड्याभरात कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर माझा प्रवेशाच्या फॉर्मवरचा फोटो, ताणून इतका मोठा केलेला की नाक फाटकाच्या एका खांबाला आणि कान दुसऱ्याला. "नामांकित उद्योगात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली संस्थाचालक, प्राचार्य आणि कुण्या जिल्हा नेत्याचे फोटो, माझ्यापेक्षा ठळक. बाबा कामासाठी यवतमाळला आले होते, त्यांनी तो पाहिला. फोन करून म्हणाले, "नोकरी लागली अन् सांगतलं नाई?"

"लागली नाही, बाबा."

"मंग फाटकावर कोन हाय?"

 सकाळी फाटकातून शिरताना स्वतःच्या त्या चेहऱ्याखालून मी मान खाली घालून जायचे. खरं बोलले तर विषय बंद, सर बंद. गप्प राहिले तर सगळं चालू. भाषणस्वातंत्र्याचं युनिट आम्हाला त्याच महिन्यात होतं. सरांनी ते चांगलंच शिकवलं, पण शिकवताना माझ्याकडे पाहिलं नाही.

परीक्षा झाल्या. मिलमधून काहीच आलं नाही. जूनमध्ये मी गुणपत्रिका घ्यायला गेले, तर सर कॉरिडॉरमध्ये उभे. पायाशी डब्याची पिशवी. प्राचार्य त्यांच्या समोरून दोनदा गेले होते आणि "या उद्यापासून" म्हणाले नव्हते.

"विषय चालू आहे ना, सर?"

"चालू आहे. प्लेसमेंट झाली ना," सर म्हणाले. "संस्थेचं म्हणणं असं, की नोकरी प्रशिक्षणामुळे लागली. म्हणून सकाळचेही तास प्रशिक्षणाला देणार. हक्कांचा भाग मॅडमच घेतील, थोडक्यात. पुस्तकात आहेच म्हणाले."

म्हणजे सरांना वाचवायला मी गप्प राहिले, आणि त्याच गप्प राहण्यावर त्यांना काढलं. कागद नव्हताच, त्यामुळे काढल्याचाही कागद निघाला नाही. उद्यापासून या, असं कुणी म्हणालं नाही, एवढंच झालं.

मी म्हटलं, "चला."

"कुठे?"

"भाऊंकडे."

सर आले. डीटीपीच्या दुकानात स्टुलावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. मी बाकीच्या पाच जणांना फोन करून बोलावलं. भाऊंनी माझं फोल्डर उघडलं आणि विचारलं, "मागचंच घेऊ का?"

"वरून नवं टाका," मी म्हटलं. विषय, आमच्या सरांना लेखी नेमणूकपत्र मिळणेबाबत. सर दुसऱ्यांच्या हक्कांचं पानच्या पान तोंडी सांगत. स्वतःचं सांगायची वेळ आली तेव्हा पहिल्याच वाक्याला अडकले. "मी बरीच वर्षं" म्हणाले आणि थांबले. पुढचं मी लिहिलं. शेवटी आणखी एक परिच्छेद घातला, की महाविद्यालयाच्या फाटकावर नमूद केलेली निवड झालेली नाही, माझ्याजवळ केवळ लेखी आश्वासन आहे, सोबत प्रत जोडली आहे.

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. "हे लिहिलं तर विषयच बंद करतील."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर चालू राहील. माझ्याशिवाय." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "राहू दे. लिही तेही."

भाऊंनी प्रिंट काढली. सरांनी सवयीने लाल पेन काढलं. एक वेलांटी दुरुस्त केली, दोन ठिकाणी स्वल्पविराम दिला. शेवटच्या ओळीशी आल्यावर पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथे एक लाल ठिपका पडला. तो वाढू लागला तसं त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"प्रती किती काढू?" भाऊंनी विचारलं.

"नेहमीच्या," सर म्हणाले.

कॉलेज, कचेरी, पोलीस ठाणं. प्रत्येक खिडकीवर सर माझ्या मागे उभे होते, आणि ठाण्यातल्या खिडकीवर मी वळायच्या आत तेच म्हणाले, "पोच द्या." संध्याकाळी आम्ही एसटी स्टँडच्या बाहेर चहा घेत होतो, तेवढ्यात फोन आला.

"ताई, जयभीम. पुन्हा तुमचंच का?"

"हो."

"आता कॉलेजवर?"

"हो."

"बरं केलं. तो फ्लेक्स पाहूनच मले वाटे का हे खोटं हाय. संख्या सांगा, साहेबाले पाठवा लागते. मागच्या वानी एकच लिहू?"

मी चहाच्या टपरीशी उभ्या असलेल्या आमच्या पाचही जणांकडे पाहिलं. "सहा लिहा."

सर कळंबची गाडी लागलेली पाहत होते. ती पाहता पाहता म्हणाले, "सात सांग."

मी सांगितलं.

"सातवं कोन?" हवालदारांनी विचारलं. "तुमच्या वर्गात तं सहाच हायेत."

सरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि हजेरीच्या वेळी सांगतात तसं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पलीकडून बहुतेक परत विचारलं असावं, कारण त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं, या वेळी सावकाश, समोरच्याला लिहून घेता यावं म्हणून.